काट्यांमागची राई

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना नावं पडली होती, पण गावांना अजून पडायची होती. म्हणून गावाचं नाव मला विचारू नका. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी भिंतीला टेका, आणि गोष्ट संपेपर्यंत कुणी पाणी प्यायला उठू नका. पाण्याचं महत्त्व तुम्हाला गोष्टीतच कळेल.

तर डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर एक राई होती. साग, ऐन, पळस, मोह, शिरीष, अशी दाट झाडी. राईच्या पोटात एक झरा होता. वैशाखात नदी आटायची, विहिरींचा तळ दिसायचा, पण झरा वाहायचा. गावातल्या प्रत्येक घागरीत त्याचंच पाणी. राई आहे तोवर घागर आहे, असं तिथले लोक म्हणत.

राईत कोयता न्यायचा नाही, कुऱ्हाड न्यायची नाही, चूल पेटवायची नाही. माणसांनी मात्र खुशाल जावं! आणि जायचे हो लोक. पावसाळ्यात चिखल असे, जळवा असत, तेव्हा नाही. पण पौषाची थंडी पडली, पानं पिवळी पडायला लागली, की घरात कुणाचा पाय ठरत नसे.

सागाचं पहिलं पान पडलं, की राईचा राखणदार घुंगरांची काठी वाजवत गावात यायचा आणि हाळी द्यायचा, "पान पडलं हो!" दुसऱ्या दिवशी सकाळी पाचोळाफेर. अख्खं गाव राईच्या कडेकडेने एक फेरा घालायचं. पुढे हलगी, मागे बाया, त्यांच्या मागे म्हातारेकोतारे. नियम एकच. पाय उचलून चालायचं नाही, घासत चालायचं. पायाखालचा पाचोळा उडवत उडवत आत लोटायचा. पोरं तर चालायचीच नाहीत, सरळ लोळत जायची. फेर संपला की मोकळ्या होत चाललेल्या झाडांखाली, उन्हात बसून सगळे दही-भाकर आणि मिरचीचा ठेचा खायचे. मग होळीपर्यंत दर आठ दिवसांनी असाच फेर, आणि मधल्या दिवसांत ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा जाऊन बसावं.

पाय का घासायचे, हे कुणी विचारत नसे. एखाद्या पोराने विचारलंच, तर म्हातारे सांगत, "राईला आपल्या पावलांचा आवाज आवडतो." पोराचं तेवढ्यावर समाधान व्हायचं, आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्यांनाही त्यापुढचं ठाऊक नव्हतं. आपल्याकडे रीत टिकते आणि कारण हरवतं, हे काही आजचं नाही.

एका वर्षी भादव्यात तो राखणदार वारला. त्याला मुलगा होता, पण तो गाडीवान. आज या बाजाराला, उद्या त्या बाजाराला. म्हाताऱ्याने घुंगरांची काठी सुनेच्या हाती दिली. तिचं नाव हौसा. "पोरी, राई तुझ्या ओटीत घालतो," एवढंच तो बोलला आणि त्याने डोळे मिटले. कसं राखायचं, काय करायचं, काही सांगायला सवड मिळाली नाही बिचाऱ्याला.

आता या हौसाचं ऐका. डोंगराच्या पलीकडे तिचं माहेर होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथे काही नव्हतं. ती सात वर्षांची असताना तिथलं रान पेटलं. तीन दिवस जळत होतं. रान गेलं, त्यामागून पाणी गेलं, आणि वर्षाच्या आत माणसं गेली, एक घर इकडे, एक घर तिकडे. दारांच्या चौकटीसुद्धा लोकांनी काढून नेल्या. दिवाळीला गावातल्या साऱ्या सुना माहेरी जायच्या, आणि ही उंबऱ्यात बसून वाती वळायची. तिला जायला गावच उरलं नव्हतं.

अशा बाईच्या ओटीत राई पडली. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि ही तर आगीने पोळलेली. नवरात्र गेलं, दिवाळी गेली, गवत वाळलं, आणि हौसाचं जेवण तुटलं. माळावर कुणी चिलीम ओढताना दिसला, की ती धावत जाऊन त्याच्यासमोर उभी राही. कुणाच्या अंगणात शेकोटी पेटली, की ती विझेपर्यंत हिचा डोळा लागत नसे. घास हातात घ्यायची आणि तसाच ताटात ठेवायची.

शेजारणी म्हणाल्या, "अगं, सासऱ्याने तीस वर्षं राखली. इतका जीव नव्हता त्याने टांगणीला लावला."

हौसा म्हणाली, "त्यांनी जळताना पाहिलं नव्हतं."

मग पौष लागला. एका सकाळी ती राईच्या तोंडाशी उभी होती आणि तिच्या समोर सागाचं पहिलं पान पडलं. सुपाएवढं पान, आणि त्याचा आवाज झाला, खर्रर्र. गावातल्या दुसऱ्या कुणालाही त्या आवाजाने हसू आलं असतं. हौसाच्या मात्र काळजात चर्र झालं. तिला वाटलं, हे पान पेटलं तर? याच्यावर दुसरं पडेल, त्याच्यावर तिसरं. उद्या फेराला अख्खं गाव येणार, कुणाच्या कंबरेला चकमक, कुणाच्या हातात चिलीम. एक ठिणगी. एकच पुरते.

तिने इकडेतिकडे पाहिलं. पान उचललं, घडी घातली आणि कनवटीला खोचलं. गावात हाळी दिली नाही.

पण पानं काय एका बाईच्या कनवटीत मावतात? चार दिवसांत राई पिवळी दिसायला लागली. लोक एकमेकांना विचारू लागले, हाळी कशी नाही? शेवटी पाटलांनी तिला चावडीवर बोलावलं.

"काय गं हौसा, पान पडलं नाही का यंदा?"

हौसा चावडीच्या पायरीवर उभी राहिली. काठीचे घुंगरू आपोआप वाजत होते. ती म्हणाली, "पाटील, यंदा फेर नको. यंदा कुणीच आत नको. राईला कुंपण घाला. पानगळ संपून पाऊस पडेपर्यंत कुणी आत पाऊल टाकू नका. मी तुमच्या पाया पडते."

लोक कुजबुजले. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, वर्षातली एवढीच तर मौज!"

"मौज!" हौसा ओरडली. "माझ्या गावालाही मौज होती. तिकडे जाऊन बघा आता. चुलींवर गवत उगवलंय. माझ्या हातून ही राई जळाली, तर तुम्ही कुठे जाल? सांगा ना, कुठे जाल?"

जमलेल्यांतल्या काहींनी ते उजाड गाव पाहिलेलं होतं. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "राखण तिची, शब्दही तिचा."

तीन दिवस गाव राबलं. बोरीच्या, बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि राईला कमरेएवढं काट्यांचं कुंपण घातलं. कुंपण कुठून घालायचं, हा प्रश्नच आला नाही. राईच्या कडेने फेराची वाट होतीच, वर्षानुवर्षं पायांनी घासून स्वच्छ झालेली. त्याच वाटेवर काटे टाकत टाकत गेले आणि चौथ्या दिवशी राई बंद झाली. कुंपणाचं शेवटचं तोंड हौसाने स्वतःच्या हाताने बंद केलं. त्या रात्री ती भाकरी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवली नाही. कारण भीतीचं असं असतं, तिला एक घर दिलं की ती दुसरं मागते. कुंपण बाहेरच्या माणसाला अडवील, पण आतलं काय? ती दिवसभर कुंपणाबाहेरून चकरा मारू लागली. आत पाऊल टाकायचा तिला धीरच नव्हता, आपल्याच पायाखालचा आवाज ऐकून तिला घाम फुटायचा. काट्यांच्या फटीतून ती आत बघे. पानं पडत होती. घोट्याएवढा पाचोळा झाला, मग गुडघ्याएवढा. वारा आला की पाचोळा कुंपणात येऊन अडकायचा. कुंपणही वाळत चाललं होतं. गावात पोरं अंगणातच लोळायची आणि आयांचा मार खायची. झऱ्यावर पाणी भरायला तेवढी एक अरुंद वाट ठेवली होती. राईच्या खालच्या बाजूने झरा जिथे बाहेर येतो तिथपर्यंतच ती जायची. बाया गुपचूप घागर भरायच्या आणि गुपचूप परत यायच्या.

असे पंधरा दिवस गेले, आणि एका दुपारी हौसाला राईच्या आतून आवाज आला. सर्र, सर्र, सर्र. थांबून पुन्हा सर्र, सर्र.

तिची पाचावर धारण बसली. तरी काठी घट्ट धरून ती कुंपणाच्या कडेने आवाजाच्या दिशेला धावली. झऱ्याजवळ काटे बाजूला सारून माणूस जाईल एवढं भगदाड पाडलेलं होतं. तिथून आत एक वाट जात होती. स्वच्छ, वीतभर पाचोळाही नसलेली वाट.

"कोण आहे आत?"

"चोर आहे," आतून आवाज आला. "पण म्हातारा आहे. पळता येत नाही. सावकाश ये."

हौसा त्या मोकळ्या वाटेने आवाजामागोमाग आत गेली. तो आबा कुंभार होता. भट्टीच्या धुराने डोळे गेलेला, सत्तरी उलटलेला, गावातला सगळ्यात हट्टी माणूस. हातात त्याचा भट्टीची राख लोटायचा झाडू. लांब दांडा आणि टोकाला शिंदीचा फड. पुढचा पाचोळा दोन्ही बाजूंना लोटायचा, उघड्या मातीवर पाऊल टाकायचं, पुन्हा लोटायचा. पाचोळ्याखाली मूळ आहे की दगड, हे आंधळ्याला कळणार कसं? म्हणून तो वाट झाडत झाडत चालायचा. झऱ्यापासून निघून, राई आरपार ओलांडून, पार वरच्या टोकाच्या मोहापर्यंत.

"आबा! तुम्ही? गावाने ठरवलंय ना?"

"गावाने ठरवलं तेव्हा मी भट्टी लावत होतो. मला कुणी विचारलं नाही."

"किती दिवस येताय?"

"कुंपण घातल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज. काटे जरा चांगले निवडायचे, बोरीचे काटे आंधळ्यालाही बाजूला करता येतात." आबा मोहाखाली टेकला, त्याने शेजारची जमीन थोपटली. "बस इथे. ऐक. हां, हे सागाचं. पडताना कशी पाठीवर थाप मारतं! आता बघ, शिरीषाच्या शेंगा. खुळखुळ, खुळखुळ. पळसाचं पान मात्र बेरकी, पडतं कधी ते कळतच नाही. डोळे होते तेव्हा मला हे काही ऐकू येत नव्हतं."

हौसा उभीच राहिली. "मला नाही ऐकू येत, आबा. माझ्या छातीतच इतकं धडधडतंय."

"मग बस की. धडधड आपोआप खाली बसते."

"आणि तुमची चिलीम?"

"दात पडले तेव्हाच सुटली."

"तरी उद्यापासून यायचं नाही. मी सांगते. राखणदार मी आहे."

म्हातारा झाडू घेऊन उठला. "तू राखतेस खरी," तो म्हणाला, "पण तुझी राई कशी वाजते हे तुला ठाऊक नाही. काठी तुझ्या हाती आहे, झाडू माझ्या हाती आहे. तू तुझं कर, मी माझं करतो."

दुसऱ्या दिवशी हौसाने ते भगदाड काट्यांनी बुजवलं. दुपारी आबाने उघडलं. तिने पुन्हा बुजवलं, त्याने पुन्हा उघडलं. तिसऱ्या वेळी तिने बाभळीचे लांब काटे आणून टाकले. आबाचे हात रक्ताळले, पण सर्र, सर्र आवाज काही थांबला नाही. हौसा कुंपणाबाहेर मटकन खाली बसली आणि रडली. एका आंधळ्या माणसाला अडवता येत नाही, मग आगीला काय अडवणार, या विचाराने ती रडत होती. तिने नाद सोडला. आबा रोज येत राहिला.

माघ संपत आला. ऊन टोचायला लागलं. एका दुपारी, जेवणवेळ नुकतीच टळली होती, पश्चिमेकडच्या खोऱ्यात कुणीतरी शेत भाजायला घेतलं. असं दर वर्षी भाजतात, वारा पडलेला असतो, आग तिथल्या तिथे विझते. त्या दिवशी वारा फिरला. गवत पेटलं आणि जाळ माळ चढून वर आला.

हौसाने धूर पाहिला. ती पुन्हा सात वर्षांची झाली होती. मग तिच्या तोंडून किंकाळी फुटली आणि ती गावाकडे धावत सुटली. "राई पेटली! धावा हो, राई पेटली!"

लोक धावले. कुणी घागर घेऊन, कुणी घोंगडं भिजवून, कुणी हिरवा डहाळा मोडून. पण पोचेपर्यंत जाळ कुंपणाला भिडला होता. आणि मग सगळ्यांच्या देखत ते कुंपण पेटलं. वाळलेली बोर, वाळलेली बाभूळ, वर अडकलेला पाचोळा. जाळ कुंपणावरून उजवीकडे धावला, डावीकडे धावला. पूर्वी कुठलीही आग माळावरून यायची आणि फेराच्या उघड्या वाटेपाशी येऊन खायला काही नाही म्हणून मरायची. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आज त्याच वाटेवर गावाने स्वतःच्या हाताने सरपण रचून ठेवलं होतं.

"आत शिरा! आत शिरा!" पाटील ओरडत होते.

शिरायचं कुठून? काटे पेटलेले. दोघातिघांनी घोंगडी टाकून उड्या मारल्या, तर आत गुडघाभर पाचोळा आणि वाटा सगळ्या बुजलेल्या. ज्या राईत ही माणसं डोळे मिटून फिरत, तिथे आज त्यांना झरा कुठल्या बाजूला हेही उमगेना. ते खोकत, धडपडत परत आले. जाळ पश्चिमेकडून पुढे सरकत होता. बाया मोठ्याने रडायला लागल्या. एकीने तर हौसाच्या अंगावर रिकामी घागर फेकली. "घे! भर आता यात! काय भरतेस?"

हौसाने घागर चुकवली नाही. तिला वेगळंच काही आठवलं होतं. ही आबाची वेळ होती.

"आबा आत आहे," ती म्हणाली, आणि कुणी अडवायच्या आत झऱ्याकडे धावली. भगदाडापर्यंत जाळ अजून आला नव्हता. ती आत शिरली. पायाखाली मोकळी माती होती. दोन्ही बाजूंना पाचोळ्याचे बांध आणि मध्ये चार हात रुंद वाट. धुरात काही दिसत नव्हतं, पण पाय माती सोडत नव्हते, म्हणून ती चुकली नाही. समोरून आवाज येत होता, सर्र, सर्र, सर्र.

आबा मोहाखाली नव्हता. वाटेच्या मधोमध उभा राहून जिवाच्या आकांताने झाडत होता. दाढीची टोकं होरपळली होती.

"कोण, हौसा का? पोरी, हा आवाज पानांचा नाही."

"आबा, चला! चला इथून!"

"कुठे चला? डाव्या गालाला आच लागतेय, उजव्या गालाला नाही. म्हणजे आग अजून वाटेच्या एकाच बाजूला आहे. बघ तरी, तुला डोळे आहेत ना!"

हौसाने पाहिलं. महिनाभर ती या रानाकडे फटीतून बघत होती, पण आत उभं राहून ती पहिल्यांदाच नीट बघत होती. पश्चिमेकडचा पाचोळा धडाडून जळत होता. जाळ सरपटत वाटेपर्यंत येत होता, आणि उघड्या मातीशी येऊन खाली बसत होता. एखादी ठिणगी उडून पलीकडे पडायची, तेवढीच. म्हातारा तीच शोधत झाडू आपटत होता, आणि आंधळा असल्यामुळे त्याच्या दहातल्या चार चुकत होत्या.

पाय घासत चाला. पाचोळा आत लोटा. दर आठ दिवसांनी.

हौसाला सगळं कळलं. इतकं कळलं, की तिला हुंदका फुटला. पण रडायला वेळ नव्हता. ती उलट पावली भगदाडाकडे धावली आणि गळा फाटेल अशी ओरडली, "इकडून या! सगळे या! फेर धरा! पाय घासत या!"

कुणाला वाटलं तिचं डोकं फिरलं. पण पाटील पुढे झाले, आणि पाटलांमागे गाव. त्या दिवशी कुणी हलगी वाजवली नाही. धुरात खोकत, एकमेकांचे पदर आणि उपरणी धरून अख्खं गाव आबा कुंभाराच्या वाटेवर उभं राहिलं आणि पायांनी, डहाळ्यांनी, घोंगड्यांनी ती वाट रुंद करू लागलं. पोरांनी ठिणग्या तुडवल्या. हौसा आणि चारपाच जण पूर्वेकडे पळाले, कुंपणावरून जाळ तिकडे पोचायच्या आधी त्यांनी नुसत्या हातांनी काटे ओढून ओढून बाहेर माळावर फेकले. महिन्यापूर्वी याच हातांनी ते काटे रचले होते.

दिवस कलला तेव्हा आग थांबली. वाटेच्या पश्चिमेची अर्धी राई काळी पडली होती. पूर्वेची अर्धी उभी होती, आणि झरा त्या अर्ध्यात होता.

संध्याकाळी चावडीवर सगळे बसले. हौसाने काठी पाटलांच्या पायांशी ठेवली. मग कनवटीतून काहीतरी काढलं. तळहातावर नुसता चुरा होता.

"हे यंदाचं पहिलं पान," ती म्हणाली. "पौषातच पडलं होतं. मी लपवलं. अर्धी राई मी जाळली. काठी दुसऱ्या कुणाला द्या. मला गावाबाहेर काढा, मी कुणाला दोष देणार नाही."

घागर फेकणारी बाई पुटपुटली, "काढाच." तिला नावं ठेवू नका, तिच्या घरी दोन तान्ही पोरं होती. पाटलांनी मान खाली घातली. ते म्हणाले, "कुंपण गावाने घातलंय. मीही दोन फांद्या टाकल्या होत्या."

तेवढ्यात कोपऱ्यातून आबा कुंभार खाकरला. "माझं ऐकता का? काठी तिच्याकडेच राहू द्या. राईसाठी एवढं रडणारं माणूस तुम्हाला दुसरं कुठे मिळणार? शिक्षाच द्यायची तर एक द्या. उद्यापासून रोज दुपारी तिने माझ्याबरोबर आत यायचं. झाडून झाडून माझा खांदा दुखतो."

कुणीतरी हसलं. हौसा मात्र म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली, आणि या वेळी तिला कुणी थांबवलं नाही.

त्या वैशाखात झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. गाव अर्ध्या घागरीवर जगलं. बाया पहाटेपासून रांग लावायच्या आणि हौसा सगळ्यांत शेवटी भरायची. लोकांनी तिला टोमणे मारले, तेही तिने ऐकून घेतले. पण गाव सोडून कुणी गेलं नाही.

पाऊस आला, गेला. पुन्हा पौष आला. एका सकाळी उरलेल्या सागावरून एक पान सुटलं आणि खर्रर्र करत खाली आलं. हौसाच्या छातीत धडधडलं. हो, धडधडलंच, अशी भीती एका वर्षात जात नाही. पण तिने पान डोक्यावर धरलं आणि काठी वाजवत गावात शिरली. तिचा आवाज कापत होता, तरी शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेला. "पान पडलं हो!"

दुसऱ्या दिवशी फेर निघाला. हलगी पुढे, बाया मागे, पोरं लोळत. काळ्या पडलेल्या बाजूनेही पाय घासले सगळ्यांनी, तिथे खोडांना कोंब फुटले होते. फेर संपल्यावर हौसा मोहाखाली आबाजवळ बसली. दही-भाकर खाल्ली. खाता खाता ती एकदम थांबली.

"आबा, हे सागाचं ना? थाप मारल्यासारखं?"

"सागाचंच," आबा म्हणाला, "आता भाकर खा. धडधड कुठे गेली?"

"आहे अजून," हौसा म्हणाली, "पण पानं तिच्यापेक्षा मोठ्याने वाजतायत."

आता उठा, पाणी प्या, आणि पिताना एवढं ध्यानात ठेवा: भीतीने घातलेलं कुंपण काहीच राखत नाही, राखतात ती रोज प्रेमाने तिथे वावरणारी पावलं.